मदत हवी आहे : मानसिक आघातावरील उपचार सुरू असताना वाढलेल्या शारीरिक तक्रारी

नमस्कार. माझे थोरले बंधू गेल्या वर्षी रस्ते अपघातातून बचावले. हाडे जुळली, पण झोप उडाली, ट्रकचा हॉर्न ऐकताच छाती धडधडू लागली, आणि मानसोपचारतज्ज्ञांनी पीटीएसडीचे (मानसिक आघातानंतर टिकून राहणाऱ्या तणावविकाराचे) निदान करून ईएमडीआर ही, डोळ्यांच्या विशिष्ट हालचाली करवून घेत त्रासदायक आठवणींवर काम करणारी, उपचारपद्धती सुचवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये शिफारस केलेल्या उपचारांत तिचा समावेश असल्याने पद्धतीविषयी शंका नाही.

अडचण वेगळी आहे. प्रत्येक सत्रानंतर दोन-एक दिवस त्यांचे डोके दुखते, पोट बिघडते आणि रात्री ते दचकून उठतात. आठवणी ढवळल्या गेल्याने असा तात्पुरता त्रास होऊ शकतो, असे समुपदेशक सांगतात. परंतु आधीपासून रक्तदाब असलेल्या माणसाने तो कितपत अंगावर काढावा, की फिजिशियनकडून वेगळी तपासणी करून घ्यावी?

दुसरे असे, की मावसबहिणीच्या साखरपुड्याला ते आले खरे, पण दाराजवळच्या खुर्चीवरून उठले नाहीत (नातेवाइकांना हा माज वाटला, ते असो). या उपचारांत आधी झोप सुधारते की माणसांत मिसळणे, आणि घरच्यांनी आग्रह कितपत करावा? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया अनुभव कळवावा. औषधे मात्र सुचवू नयेत.