एचआयव्ही असलेल्या बाईचा कॅन्सर: पीएचसीनं (प्राथमिक आरोग्य केंद्रानं) हात घालावा का?

गोळ्यांची खिडकी
मराठवाड्यातल्या एका एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं, समुपदेशक आहे. माझं म्हणणं काहींना पटणार नाही, पण मांडतो.

सरकार २००४ पासून एआरटीच्या गोळ्या फुकट देतंय. पूर्वी तिशीत जाणाऱ्या बायका आता नातवंडं बघतात. पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका त्यांना इतर बायकांच्या सुमारे सहापट असतो. हा कॅन्सर ज्यामुळे होतो तो एचपीव्हीचा विषाणू बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. प्रतिकारशक्ती खालावली असली की ठाण मांडून बसतो.

ही बाई दर महिना-तीन महिन्यांनी आमच्यासमोर येतेच. वजन होतं, खोकला, ताप, रात्रीचा घाम विचारून होतो. अंगावरून लाल-पांढरं जातंय का, संबंधानंतर रक्त येतं का, हे विचारायला जीभ रेटत नाही.

पीएचसीतच व्हीआयए करा, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी बघून तपासणी. गर्भाशयमुखाला पाच टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं. पांढरा चट्टा उठला आणि जाळण्याजोगा असला, तर त्याच बैठकीत थर्मल ॲब्लेशन, म्हणजे तो चट्टा उष्णतेनं जाळणं. यंत्र हातात मावतं, बॅटरीवर चालतं, टोक शंभर अंशांपर्यंत तापतं. चट्टा गोठवायच्या क्रायो यंत्रासारखा गॅसचा सिलिंडर ओढत न्यायला नको. 'पुढच्या मंगळवारी जिल्ह्याला जा' म्हटलेली बाई जात नाही. दिवाळीनंतर ती कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली असते.

ओपीडी दीडशे
साहेब, पीएचसी आतून पाहिलीय का? मी तिथला एमओ, वैद्यकीय अधिकारी आहे. दुसरे एमओ कागदावर आहेत, प्रत्यक्षात प्रतिनियुक्तीवर. लसीकरण, साप चावलेला, पोर्टलच्या नोंदी, तालुक्याची मीटिंग. टेबल एकच, त्यावर बाळंतीण असली की तुमची व्हीआयएची बाई बाहेर बाकावर, सगळ्या गावासमोर. दिव्याचा बल्ब गेलाय, मागणी नोंदवलीय. मोबाइलच्या टॉर्चवर चट्टा आणि साधी सूज यातला फरक सांगू?

आणि पुरावा तुमच्याच भागातला आहे. धाराशिव जिल्ह्यात (तेव्हाचं उस्मानाबाद) ४९७ गावांतल्या १ लाख ३१ हजार बायकांवर मोठी चाचणी झाली, २००९ मध्ये छापून आली. एचपीव्हीची तपासणी एकदाच केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. व्हीआयएच्या गटात म्हणावा असा फरक नाही. तिथं तर शिकवून तयार केलेली माणसं होती.

गोळ्यांची खिडकी
@ओपीडी दीडशे, अर्धंच सांगितलंत. टाटा हॉस्पिटलनं मुंबईच्या वस्त्यांत व्हीआयए केली ती दर दोन वर्षांनी, आणि डॉक्टरांनी नाही, दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबादेत एकच फेरी होती. चुकलेली नजर दुसऱ्या फेरीत सावरते. बल्बचं मान्य. पण बल्ब नाही म्हणून बाळंतपणं बंद केलीत का?

कळंबकर
मी डॉक्टर नाही. पण गावात 'पिशवीच्या तोंडाला डाग आहे' एवढं कुणी म्हटलं की बाई दुसऱ्या दिवशी खासगीत जाऊन पिशवी काढून येते. बीडच्या ऊसतोड बायकांचं काय झालं ते २०१९ ला अख्ख्या महाराष्ट्रानं वाचलं. आधी त्यावर बोला.

लिनॅक
कळंबकरांचा मुद्दा फार मोलाचा आहे. मी किरणोपचार करतो. आत कॅन्सर लपलेला असताना नुसती पिशवी काढली, तर पुढचे उपचार अवघड होतात. अशा बायका आमच्याकडे टाके ओले असताना येतात.

दुसरं. ॲब्लेशन हा कॅन्सरचा उपचार नाही, कॅन्सर होण्याआधीचा आहे. चट्टा पूर्ण दिसत असेल, आतल्या नळीत शिरलेला नसेल, कॅन्सरचा संशयही नसेल, तरच. पन्नाशीनंतर चट्टा उठतो तो भागच आत सरकतो, दिसतच नाही. एचआयव्ही असलेल्या बाईत जाळल्यावरही पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण जास्त, म्हणून वर्षभरानं पुन्हा तपासणी हवीच. ती कारखान्यावर असेल तर तुम्ही तिला खोटा धीर दिलात.

कॅन्सर झालेलाच असेल, तर पाच-सहा आठवडे किरण, जोडीला दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषध. ते मूत्रपिंडावर जड, आणि तिच्या रोजच्या गोळीतला टेनोफोव्हिरही मूत्रपिंडावर जड. त्याच गोळीतलं डोल्युटेग्राव्हिर, मूत्रपिंड ठीक असलं तरी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) थोडं वर दाखवतं. मग कुणी घाबरून सिस्प्लॅटिन थांबवतं, कुणी 'गोळीमुळे असेल' म्हणून खरी इजा सोडून देतं. हे पीएचसीत ठरवायचं?

जांभूळ
मूळची जळगावची, काही वर्षं लुसाकात होते. झांबियात २००६ पासून हे काम एचआयव्हीच्या दवाखान्यांना जोडून नर्सेसनीच उभं केलं. नर्स डिजिटल कॅमेऱ्यानं गर्भाशयमुखाचा फोटो काढते, पडद्यावर त्या बाईलाही दाखवते, शंका वाटली तर फोटो डॉक्टरकडे. आपल्याकडे बल्ब नाही म्हणतात त्यांच्या हातात चांगला फोन असतोच ना! पण दोन गोष्टी लपवणार नाही. पैसा बराचसा अमेरिकेचा होता. आणि खरा कॅन्सर निघालेल्या बायका शेवटी राजधानीतल्या एकाच कॅन्सर हॉस्पिटलच्या दारात.

लिनॅक
@जांभूळ, आफ्रिकेचंच उदाहरण उलटही सांगतं. तिथं एचआयव्हीसोबत कापोसी सार्कोमा हा कॅन्सर खूप. अंगावर जांभळट गाठी, आपल्याकडे क्वचित. खेड्यात सोयीची म्हणून एटोपोसाइड या कॅन्सरच्या औषधाची गोळी पुढे केली जायची. सहा देशांतल्या चाचणीत, २०२० मध्ये छापलेल्या, शिरेतून द्यायचं पॅक्लिटॅक्सेल सरस ठरलं. गोळीचा गट मध्येच बंद करावा लागला. गरिबाला सोयीचं ते औषध आणि श्रीमंताला गुण देणारं, असली वाटणी मला मान्य नाही.

गोळ्यांची खिडकी
मला तरी कुठे मान्य आहे? पण किरण घ्यायला मुंबईला गेलेली बाई राहते कुठे? जनआरोग्य योजनेत उपचाराचं बिल भागतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. बुडालेली मजुरी आणि घरी ठेवलेली पोरं कुठल्या पॅकेजमध्ये बसतात? बार्शीला हॉस्पिटल आहे म्हणून आमच्याकडच्या काहीजणी तरी उपचार पुरे करतात.

नाव नको
माझ्यावर चर्चा चाललीय म्हणून लिहिते. मी गोळ्या शेजारच्या जिल्ह्यातून आणते. गावच्या आशाताई माझ्या जावेच्या नात्यातल्या. पीएचसीत 'गोळ्यावाल्या बायकांची तपासणी' असा वार ठेवलात तर त्या वारी मी रानात जाईन. गुप्ततेचा २०१७ चा कायदा मला माहीत आहे. तो पारावर बसत नाही, बायका बसतात.

तपासायचंच असेल तर सगळ्या गावच्या बायका तपासा. तीस वर्षांच्या पुढच्या सगळ्यांची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे ना? आणि एचपीव्ही तपासायची कापसाची काडी आमच्या हातात द्या, आम्ही मोरीत जाऊन स्वतः नमुना घेऊ. एआरटीच्या सिस्टरनी मला तसंच करायला दिलं होतं. काही अवघड नाही त्यात.

गोळ्यांची खिडकी
ताई, वाराचं पटलं. फक्त तीसची अट तुमच्यासाठी उशिराची आहे. जागतिक आरोग्य संघटना एचआयव्ही असेल तर पंचविसापासून, दर तीन ते पाच वर्षांनी सांगते. ती पाच वर्षं वेगळं न दाखवता कशी भरायची, याला माझ्याकडे उत्तर नाही.

उपकेंद्र
एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी नर्स आहे, वीसेक वर्षं फिरतेय. तुम्ही सगळे सुरुवातीवर भांडताय, शेवटावर कुणी बोललं नाही. मोठ्या दवाखान्यातून 'आता घरीच ठेवा' म्हणून पाठवलेल्या बाईकडे कोण जातं? मी जाते. वासामुळे घरचे तिला गोठ्याकडच्या खोलीत टाकतात. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या पीएचसीत असतात. डॉक्टरांना विचारून त्या आतून ठेवल्या की चार-पाच दिवसांत वास कमी होतो आणि सून पुन्हा जेवण घेऊन जवळ बसते. पण दुखणं? माझ्या पिशवीत पॅरासिटामॉल. मॉर्फीनचा कायदा २०१४ ला सोपा झाला म्हणतात. आमच्या तालुक्यात एक गोळी पाहिली नाही.

ओपीडी दीडशे
सिस्टर, मॉर्फीनचं प्रशिक्षण द्या, कपाटाची किल्ली आणि रजिस्टर माझ्या नावावर ठेवा, उद्यापासून देतो. दर आठवड्याचं क्रिएटिनिनही काढून लिनॅक सरांना पाठवतो, निर्णय त्यांनी घ्यावा. काड्यांचं मान्य, फक्त तपासायचं यंत्र जिल्ह्यात बसवा. जाळायचं यंत्र मात्र मी हातात घेणार नाही.

लिनॅक
क्रिएटिनिन पाठवा, फोन मी घेईन. आणखी एक, धाग्याच्या विषयातलंच: मानेत गाठ आली की बायोप्सीशिवाय टीबीच्या गोळ्या सुरू करू नका. एचआयव्हीसोबत लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सरही होतो, आणि सहा महिने त्या खाल्लेले लिम्फोमा आमच्याकडे येतात.

गोळ्यांची खिडकी
@ओपीडी दीडशे, मग काडीत विषाणू सापडलेल्या बाईला जाळायला कुठे पाठवणार? पुन्हा जिल्ह्यालाच ना?

ओपीडी दीडशे
ग्रामीण रुग्णालयात. महिन्यातून एक दिवस स्त्रीरोगतज्ज्ञ येतात तिथं.

कळंबकर
येतात?