ब्रीडरकडून कोली घेतला तर बिघडलं कुठे?

रानोमाळ:
घरात बॉर्डर कोलीचं, म्हणजे मेंढ्या हाकणाऱ्या जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणायचं चाललंय. ब्रीडरकडून घेणार असं नुसतं म्हटलं की लोक अंगावर येतात, शेल्टरमधून का नाही म्हणून. तर माझं म्हणणं एकदाच सांगून टाकते. पिल्लू विकत घ्यायचंच असेल तर आईबापांचे रिपोर्ट हातात ठेवणाऱ्याकडूनच घ्यावं. 'व्हेट चेक्ड आहे हो' या वाक्यावर तर अजिबात जाऊ नये, कारण त्याचा अर्थ ठोके ऐकले, जंताचं औषध दिलं, लस टोचली एवढाच. त्यावरून पुढे आनुवंशिक आजार होणार नाही म्हणणं म्हणजे नाडी बघून चष्म्याचा नंबर सांगण्यातला प्रकार. कोली आय अ‍ॅनोमली हा डोळ्याचा आनुवंशिक आजार घ्या. आई कॅरियर (म्हणजे सदोष जीनची एकच प्रत असलेली, स्वतः निरोगी), बाप कॅरियर, दोघांचे डोळे ठणठणीत, आणि तरी प्रत्येक पिल्लामागे २५ टक्के धोका. दोघांपैकी एक जरी डीएनए टेस्टमधे क्लिअर, म्हणजे सदोष जीन नसलेला, असला तरी हा आजार पिल्लात उतरत नाही. एवढी साधी गोष्ट असताना टेस्ट न करता जोड्या लावणाऱ्याला पैसे का द्यायचे?

काळीमांजर:
पटलं नाही. 'जबाबदार ब्रीडर' हल्ली जो तो स्वतःला म्हणवून घेतो. आणि डीएनए क्लिअर म्हणजे कुत्रा निरोगी असं कुठंय? बॉर्डर कोलीत एपिलेप्सी (फिट्स येणं) आहे, तिच्यासाठी अशी सरळ टेस्ट नाही. हिप डिसप्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, हा एका जीनचा खेळ नाही, आईबापांचे एक्सरे चांगले असूनही पिल्लाचा खुबा बिघडू शकतो. वर सगळे त्याच एका चॅम्पियन नराच्या मागे, म्हणजे पुढच्या पिढीत अर्धे कुत्रे एकमेकांचे सावत्र भाऊ. आणि इकडे शेल्टरमधे धडधाकट कुत्री पडून आहेत त्यांचं काय?

रानोमाळ:
अगं एपिलेप्सीची टेस्ट नाही म्हणूनच तर असा माणूस हवा जो आधीच्या पिल्लांच्या मालकांशी बोलत असतो! अमक्या जोडीच्या एका पिल्लाला फिट्स आल्या म्हणून ती जोडी परत लावली नाही, असं जो आपणहून सांगतो तो माझ्या मते खरा. 'आमच्याकडे कध्धीच काही निघालं नाही' म्हणणाऱ्याकडून मी तरी उठून येईन.

टिवल्याबावल्या:
मधे बोलतो. आमचा रफ कोली मिक्स दत्तक घेतलेला आहे, त्याची एमडीआर१ टेस्ट (काही औषधं झेपतात का ते ठरवणाऱ्या जीनची) आम्ही नंतर केली, गालाच्या आतून स्वॅब घेतात, संपलं. ही टेस्ट कोलीवाल्यांनी कराच, कारण त्या जीनमधे म्युटेशन असलं की आयव्हरमेक्टिन या जंताच्या औषधाचा मोठा डोस मेंदूत साठतो आणि कुत्रा लटपटतो, जिवावरही बेततं. आयव्हरमेक्टिन दिलेल्या घोड्याची ताजी लीद खाल्ली तरी धोका, आणि ही कुत्री लीद बघितली की तुटून पडतात. माणसाचं जुलाब थांबवायचं लोपरामाईडही द्यायचं नाही. बॉर्डर कोलीत हे क्वचित, रफ कोली आणि ऑसीमधे (ऑस्ट्रेलियन शेफर्ड) बरंच. सांगायचा मुद्दा, टेस्ट काय ब्रीडरचीच मक्तेदारी नाही.

काळीमांजर:
+१, हेच म्हणतेय कधीची.

मेंढरामागे:
तुम्ही सगळे रिपोर्टातच अडकलात राव. इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी १९०६ ची, तिथे कुत्रा दिसतो कसा याला कुणी विचारत नाही, मेंढ्या हाकतो कसा ते बघतात. तुम्ही अशा कामाच्या लाईनचं पिल्लू आणणार, सकाळी वीस मिनिटं फिरवणार, मग ते पंख्याच्या सावलीकडे तासन्‌तास टक लावून बसणार, सायकल दिसली की दबा धरणार, आणि तुम्ही म्हणणार बिघडलंय. बिघडलेलं काही नाही, त्याला काम नाही. डोळे क्लिअर, खुबे क्लिअर, आणि वर्षाच्या आत घराबाहेर. शेल्टरमधले निम्मे कोली असेच आलेले असणार असा माझा आपला अंदाज.

रानोमाळ:
हे मात्र शंभर टक्के. म्हणून तर मला ब्रीडरनेच उलटतपासणी घेतलेली हवीय, दिवसभर घरी कोण असतं, कुत्र्याला काय काम देणार वगैरे. आणि काळीमांजर, सगळ्या ब्रीडरांची वकिली मी करत नाहीये. 'रेअर व्हाईट मर्ल' म्हणून जास्त पैसे लावतात ना, त्यांचा मलाही संताप येतो. मर्ल म्हणजे अंगावर फिकट-गडद ठिपक्यांचा रंग. मर्लला मर्ल लावला की साधारण पाव पिल्लं डबल मर्ल होतात, म्हणजे तो जीन दोन्हीकडून येतो, त्यातली कित्येक बहिरी नाहीतर आंधळी. ते माहीत असून करतात.

काळीमांजर:
चल, त्यावर भांडण नाही. तरी घेणारच असशील तर कागद नीट वाच. आई दीड वर्षाची आणि ओएफएचं (कुत्र्यांचे खुबे तपासून दाखला देणारी अमेरिकन संस्था) फायनल हिप सर्टिफिकेट आहे म्हणाले तर सरळ खोटं, ते २४ महिन्यांच्या आधी मिळतच नाही. पिल्लांचे डोळे सहा ते आठ आठवड्यांत स्पेशालिस्टला दाखवलेत का विचार, नंतर रंगद्रव्य चढलं की बारीक खोट झाकली जाते आणि डोळा नॉर्मल दिसतो. आणि कुत्रा कितीही मोठा झाला तरी परत घेईन, हे लिहून घे. माझं मत बदललेलं नाही हां.

रानोमाळ:
डोळ्यांचं आठ आठवड्यांच्या आत हे माहीत नव्हतं, आजच फोन करून विचारते.