माडावरून पडून एल१ फुटला, पायाच्या नसा परत येतात काय?

सत्तरीची_वहिनी: आमचे हे पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे, मे महिन्यात माडावरून पडले, एल१ मणका (कमरेचा पहिला) फुटला, गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात स्क्रू-रॉड घातले. आता चार महिने झाले, मांड्या हलतात, गुडघा जरासा उचलतो पण घोट्याखाली काही नाही आणि लघवीची नळी अजून आहे. डॉक्टर म्हणतात थांबा. मुंबईचे एक स्टेम सेलवाले रिपोर्ट न बघताच फोनवर लाखांच्या गोष्टी करतात, नि सासरे चवथ झाली की कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, विकायला निघालेत. काय करू?

फोंडेकर: वहिनी, कुळागर राहू दे. माझं स्कूटरवरून पडून एल२, सहा वर्षं झाली. मज्जारज्जू एल१-एल२ पाशीच संपतो, खाली नुसता नसांचा झुबका, घोड्याच्या शेपटीसारखा. मज्जारज्जूला मार लागला की तिथे व्रण धरतो नि आतले धागे पुढे वाढत नाहीत, झुबक्यातल्या नसा वाढू शकतात पण दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. कमरेपासून पंजापर्यंत हिशोब करा, किती वर्षं होतात ते. म्हणून मांडीत आधी येतं, पंजात शेवटी, आणि तोवर तिथला स्नायू सुकला तर येतही नाही. माझा डावा पंजा अजून लोंबतो, एएफओ (घोटा-पंजा धरून ठेवणारा आधार) घालून चालतो, बाजाराला जातो.

फिजिओ_डिचोली: एल१ला मज्जारज्जूचं टोक नि झुबका दोन्हीला मार बसतो, त्यामुळे आत्ताच कोणी छातीठोक सांगत असेल तर संशय घ्या. एशिया ग्रेड (मार किती खोल ते सांगणारी ए ते ई श्रेणी) काय आणि गुदद्वाराजवळ संवेदना आहे का, हे डॉक्टरांना विचारा, पुढचा अंदाज बराचसा त्यावर असतो. स्टेम सेलचं म्हणाल तर २०१७ च्या आयसीएमआर (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) नियमांप्रमाणे अशा दुखापतीला ते फक्त ट्रायलमध्येच, आणि ट्रायलचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. कायमच्या नळीने इन्फेक्शन होत राहतं, दर चार-सहा तासांनी स्वतः नळी घालून काढायची पद्धत जमेल का तेही विचारा. संवेदना नसते तिथे दाबाने जखम होते नि कळतही नाही, म्हणून टाचा आणि ढुंगण रोज बघता ना?

सत्तरीची_वहिनी: नाही हो, कोणी सांगितलंच नाही. आत्ता टॉर्च मारून बघितलं, डाव्या टाचेला वाटाण्याएवढा काळसर डाग, ह्यांना पत्ताच नाही.

फिजिओ_डिचोली: चोळू नका. पोटरीखाली उशी द्या, टाच अधांतरी राहिली पाहिजे, दर दोन तासांनी कूस बदला आणि उद्या सकाळीच डॉक्टरना दाखवा.