'पार्क्ड डोमेन'वर 'वाहतूक' पाठवायची का?

चकवा: एका जाहिरात कंपनीच्या अटी मराठीत आणतोय. एक वाक्य असं उतरलं: 'पार्क केलेल्या डोमेनवर (म्हणजे साइटच्या नाव-पत्त्यावर) वाहतूक पाठवण्यास मनाई आहे.' मूळ शब्द 'ट्रॅफिक', म्हणजे साइटवर येणारे लोक. घरात मोठ्याने वाचलं तर आई म्हणाली, "कुठल्या रस्त्यावर?" 'पार्क्ड'ला 'पडीक' कसं वाटतं?

सुतारपक्षी: पडीक नको हो. पडीक रान मालकाला काही देत नाही, पार्क्ड डोमेन देतं. नाव नोंदवलेलं, साइट बांधलेली नाही, पण पानभर जाहिरातींचे दुवे. हायवेलगतच्या रिकाम्या प्लॉटवर होर्डिंग उभं करून भाडं खावं, तसं. पत्ता टाइप करताना एखादं अक्षर चुकलं, माणूस तिथे पोचला, दुव्यावर क्लिक केलं, की मालकाचा गल्ला भरला. त्यामुळे तुमच्या वाक्यातला कळीचा शब्द 'पाठवणे' आहे. आपणहून आलेला चालतो. विकत आणलेला, ईमेलचा मारा करून ओढलेला, 'क्लिक करा, बक्षीस मिळवा' म्हणून ढकललेला चालत नाही. मालकाने स्वतःच क्लिक करत बसणं तर नाहीच नाही.

नवखी: आमच्या वाचनालयाच्या डोमेनचं नूतनीकरण राहून गेलं होतं. आठवडाभर तिथे कर्जाच्या जाहिराती. एक आजोबा काउंटरवर येऊन विचारून गेले, "व्याज किती?"
मुद्द्याचं: नियम उलट बाजूनेही आहे. गूगलवर दिलेल्या जाहिरातीचा दुवा पार्क्ड डोमेनवर जात असेल, तर ती नामंजूर होते. आणि आपली जाहिरात अशा पानांवर झळकण्याची सोय गूगलने 2025 मध्ये सगळ्यांसाठी मुळातच बंद ठेवली. हवी असेल त्याने तेव्हा ती चालू करायची होती.

रातराणी: जपून. साइटला जागा भाड्याने देणाऱ्या होस्टिंगवाल्यांच्या सीपॅनेलमध्ये (साइट सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये) 'पार्क्ड डोमेन' म्हणजे एकाच साइटचं दुसरं नाव. पुढे त्यालाच 'अलायस' म्हणू लागले. तिथे लोकांनी त्या नावाने यावं हाच हेतू! तुमच्या अटी जाहिरातवाल्यांच्या आहेत, म्हणून अर्थ पहिला.
'वाहतूक' मात्र काढाच. वाहतूक मालाची, रहदारी रस्त्यावरची, वर्दळ दुकानातली. इथे 'वळवणे' हवं. सप्टेंबर 2003 मध्ये डॉट कॉम नावांची नोंदवही सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने हेच केलं होतं: नोंदच नसलेलं कुठलंही डॉट कॉम नाव टाइप करा, माणूस थेट त्यांच्या शोधपानावर. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन संस्थेने डोळे वटारल्यावर ऑक्टोबरात गाशा गुंडाळला. त्याला 'पाठवलं' कोण म्हणेल?

चकवा: मग असं: 'दुकान न थाटता नुसत्या जाहिराती लावून ठेवलेल्या डोमेनवर लोकांना वळवण्यास मनाई आहे.'

सुतारपक्षी: झकास. फक्त 'दुकान'च्या जागी 'साइट' करा, नाहीतर त्यांचा वकील विचारेल, कुठलं दुकान. आणि 'पार्क्ड डोमेन' व्याख्येच्या कलमात एकदा जसंच्या तसं राहू द्या.