विषय: टॉवेलच्या कारखान्याची वेबसाइट, होस्टिंग कुठलं घ्यावं?

प्रेषक: साखर पेठ (सध्या मुक्काम सोलापूर)

नमस्कार मंडळी,

गड्ड्याच्या जत्रेसाठी आले ती अजून इथेच आहे. दादाचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना आहे, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. त्याच्या वेबसाइटचं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, पुढच्या महिन्यात संपतंय. पहिल्या वेळी अगदी स्वस्तात दिलं होतं, आता रिन्यू करायला जवळजवळ तिप्पट मागतायत. फोन केला की रेकॉर्ड केलेली बाई बोलते, माणूस काही येत नाही.

दादाचं म्हणणं, ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, वेबसाइटला पैसे कशाला घालवायचे? पण हॉटेलवाले आणि बाहेरचे खरेदीदार आधी साइट बघतात, मग बोलतात. काल तो विचारत होता, "कारखान्यातली लाइट गेली की साइटपण बंद पडत असेल ना?" त्यामुळे हे काम माझ्याकडे आलंय.

साइट साधी आहे. चाळीसेक फोटो, मापं, जीएसएम (कापडाचं वजन), चौकशीचा फॉर्म. ऑनलाइन पैसे घ्यायचे नाहीत. फर्मच्या नावाचा ई-मेल मात्र हवाच. एका ओळखीच्या मुलाने वर्डप्रेस नावाच्या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये करून दिली होती. कुठली कंपनी घेऊ? 'अनलिमिटेड' म्हणतात तसलं घ्यावं का? आणि सर्व्हर, म्हणजे साइट ज्या कॉम्प्युटरवर असते तो, मुंबईतलाच हवा का?

*

प्रेषक: जुळे सोलापूर

ताई,

कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी. आधी डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे ते बघा. डोमेन म्हणजे सातबारा, होस्टिंग म्हणजे भाड्याचं शेड. शेड आज इथं, उद्या चिंचोळी एमआयडीसीत. उतारा मात्र आपल्याच नावाचा पाहिजे. इथल्या निम्म्या साइटींची रड हीच आहे. करून देणाऱ्या पोराने स्वतःच्या जीमेलवर डोमेन घेतलेलं असतं, पुढे तो पुण्याला नोकरीला जातो आणि मालक नुसता फोन लावत बसतो. आपल्या सोलापूरकर मंडळातले परदेशात गेलेलेही कमी नाहीत. भावासाठी, मेहुण्यासाठी हौसेने साइट काढतात, परदेशातल्या कार्डावरून पैसे भरतात, मग कार्ड बदलतं, रिन्यूअलची मेल कुठल्यातरी जुन्या पत्त्यावर पडून राहते आणि सोलापुरात साइट गायब. खातं दादांच्या नावावर, मोबाइल दादांचा, ई-मेलही दादांचाच, पण तो जीमेलचा. त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं तर रिन्यूअलची सूचना त्याच बंद पेटीत जाईल.

डॉट कॉम असेल तर मुदत संपली की लगेच जात नाही. पण रिडेम्प्शनमध्ये, म्हणजे सोडवून घ्यायच्या शेवटच्या मुदतीत, गेलं की सोडवायला जबर दंड लागतो. ती मुदतही ३० दिवसांचीच. एका रजिस्ट्रारकडून, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडून, दुसरीकडे न्यायला ऑथ कोड (डोमेनचा पासवर्ड) लागतो. नवीन घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं डोमेन ६० दिवस हलवता येत नाही. मालकाचं नाव बदललं तरी काही ठिकाणी तोच लॉक बसतो, म्हणून आधी हलवायचं का आधी नाव बदलायचं, ते विचारून घ्या. आणि डोमेन व होस्टिंग एकाच दुकानात ठेवू नका. भांडण झालं तर एक तरी आपल्या हातात राहतं.

आता भाव. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरचा महिन्याचा हिशेब असतो. रिन्यूअलचा भाव खाली बारीक अक्षरात. तोच धरून तुलना करा, वर १८ टक्के जीएसटी धरा. बिलावर दादांचा जीएसटी नंबर घालायला विसरू नका, क्रेडिट मिळतं. खातं काढताना नंबर टाकला नाही तर मागाहून बिल बदलून देताना फार नाटकं करतात.

'ऑटो रिन्यू' चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे, म्हणजे कार्डावरून आपोआप पैसे कटायच्या परवानगीचे, नियम आहेत. परदेशी कंपनीने तशी सोय केलेली नसेल तर भारतीय कार्डावरून पैसे आपोआप कटत नाहीत. यूपीआय घेणारी कंपनी बघा आणि तारीख कारखान्यातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, जिथे सूत आल्याच्या तारखा लिहितात तिथेच.

अनलिमिटेडचं काय सांगू. जागा अनलिमिटेड, पण फाइलींच्या संख्येला मर्यादा, प्रोसेसरला मर्यादा. अटींच्या पानावर 'आयनोड' शोधा, आकडा सापडेल. तुम्हाला त्याची गरजच नाही. मोबाइलवर काढलेला एक फोटो चार-पाच एमबीचा, म्हणजे चाळीस फोटोंचे दोनशे एमबी, आणि गिऱ्हाइकाचा मोबाइल डेटा त्यात जातो. रुंदी १२०० पिक्सेल करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात सेव्ह केला तर फोटो दीड-दोनशे केबीत बसतो. फक्त टॉवेलचा जवळून घेतलेला एक फोटो मोठा ठेवा, फंदे नि काठ नीट दिसले पाहिजेत. घेणारा तेवढंच झूम करून बघतो.

*

प्रेषक: सात रस्ता, सध्या रेडिंग, इंग्लंड

जुळे सोलापूरकर, सातबाऱ्यापर्यंत सगळं मान्य. पण चाळीस फोटो आणि एक फॉर्म, त्याला वर्डप्रेस हवंच कशाला? त्याला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगइन, अपडेट कोण करणार? जुन्या प्लगइनमधून साइट हॅक होते आणि टॉवेलच्या पानावर जुगाराच्या लिंका दिसायला लागतात. साधी स्टॅटिक पानं (मागे वर्डप्रेससारखं काही चालत नाही अशी) करा, क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकटात चालतील. गिटहब पेजेसवर नका टाकू, धंदा चालवायला ते वापरू नका असं त्यांच्या अटींतच आहे.

सर्व्हर मुंबईतलाच हवा, हेही मला पटत नाही. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊन यायला सिग्नलला दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, आणि एक पान उघडायला अशा बऱ्याच फेऱ्या होतात, हे खरं. पण ताईंचं गिऱ्हाईक जर्मनीतलं असलं तर सर्व्हर मुंबईत ठेवून त्याला काय फायदा? पुढे सीडीएन (जगभर प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांचं जाळं) लावा, फोटो ज्याच्या त्याच्या जवळून जातील.

*

प्रेषक: जुळे सोलापूर

अरे रेडिंगकर, तू म्हणतोस ते तुला जमेल. दादांना नवीन नॅपकिनचा फोटो चढवायचा असेल तर तुला उठवायचं का रात्री दोनला? वर्डप्रेस राहू दे, प्लगइन चारच ठेवायची आणि अपडेट आपोआप. सीडीएनचं बरोबर आहे. तरी हॉटेलवाले सगळे पुणे, मुंबई, हैदराबादचे, म्हणून मूळ सर्व्हर भारतातच बरा.

आणखी एक. होस्टिंग सांभाळायचं सीपॅनेल नावाचं सॉफ्टवेअर देतात का ते बघा. २०१९ मध्ये सीपॅनेलने खात्यागणिक पैसे घ्यायला सुरुवात केली, तेव्हापासून बऱ्याच कंपन्यांनी स्वतःचं पॅनेल काढलं. दिसायला छान असतं, पण सोडून जायची वेळ आली की कळतं. सीपॅनेलचा पूर्ण बॅकअप एकीकडून काढून दुसरीकडे तसाच्या तसा चढवता येतो.

*

प्रेषक: मंगळवार पेठ, सध्या न्यू जर्सी

मंडळाची साइट मी सांभाळतो म्हणून दोन शब्द. बॅकअपबद्दल कुणीच बोललं नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत पूर्ण गेली. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचं दोन्ही गेलं. होस्टिंगवाला 'रोज बॅकअप घेतो' म्हणतो तो त्याच्या सोयीसाठी. आपली प्रत महिन्याला एकदा दादांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचीच.

९९.९ टक्के अपटाइमच्या, म्हणजे साइट चालू राहण्याच्या, हमीलाही भुलू नका. त्या हिशेबानेही महिन्याला ४३ मिनिटं साइट बंद राहू शकते. जास्त बंद राहिली तर भरपाई म्हणून होस्टिंगच्या भाड्यातले थोडे पैसे परत मिळतात, गेलेली ऑर्डर नाही.

एसएसएलचे, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित करणाऱ्या सर्टिफिकेटचे, वेगळे पैसे मागत असतील तर तिथूनच परत फिरा. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट असतं, ९० दिवसांचं, आपोआप नवीन होतं. ते नसलं तर क्रोम २०१८ पासून पत्त्याशेजारी 'सुरक्षित नाही' असं लिहितो. परदेशी खरेदीदाराला तेवढं पुरतं.

ई-मेल होस्टिंगबरोबर फुकट मिळतो तो घेऊ नका. सर्व्हर सामायिक असतो, शेजारच्याने स्पॅम पाठवला की तुमचं कोटेशनही स्पॅममध्ये जातं. त्यात २०२४ पासून जीमेल पाठवणाऱ्याची ओळख तपासण्यात जास्त कडक झालंय. झोहो किंवा गूगल वर्कस्पेसचा ई-मेल घ्या, एसपीएफ आणि डीकेआयएम या ती ओळख पटवणाऱ्या नोंदी लावून घ्या. महिन्याचे थोडे पैसे जातील, पण पैसे वाचवायची जागा ही नाही.

*

प्रेषक: साखर पेठ

सगळ्यांचे आभार. डोमेन त्या मुलाच्याच ई-मेलवर निघालं! मुलगा चांगला आहे, अशोक चौकात त्याचं स्वतःचं दुकान आहे, त्यामुळे सापडला तरी. काल येऊन बसला आणि सगळं दादाच्या नावावर करून गेला. मधे बराच वेळ गेला, कारण ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे मीच दादाला शिकवून ठेवलंय, आणि तो मलाही सांगेना.

होस्टिंगसाठी दोन कंपन्यांना साधा प्रश्न मेलवर पाठवला होता: सीपॅनेलचा पूर्ण बॅकअप आम्हाला स्वतःला उतरवता येतो का? एकीने प्लॅनची किंमत कळवली. दुसरीच्या माणसाने तासाभरात उत्तर दिलं, कुठलं बटण दाबायचं त्याच्या चित्रासकट. तिच्याकडेच एका वर्षाचं घेतेय, चार वर्षांचं नाही. सर्व्हर मुंबईत आहे, बिलावर जीएसटी नंबर आलाय.

आता एकच शंका. ई-मेल झोहोवर नेताना जुन्या मेल पुसल्या जातील का? दादाची जर्मनीतल्या गिऱ्हाइकाशी झालेली सगळी बोलणी, रंगांच्या नमुन्यांसकट, त्यातच आहेत.

*

प्रेषक: मंगळवार पेठ, सध्या न्यू जर्सी

जातील, जर जुनं होस्टिंग आधी बंद केलं तर. म्हणून मुदत संपायची वाट बघू नका. आधी आयमॅपने (एका पेटीतल्या मेल दुसऱ्या पेटीत नेता येतात ती सोय) सगळ्या मेल नव्या पेटीत उतरवून घ्या, मोजून बघा, मग एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठे पोचवायची ते सांगणारी डोमेनची नोंद, बदला. बदलल्यावर दोन-चार दिवस जुन्या पेटीत चुकून एखादी मेल येत राहते, तीही बघत जा. शुक्रवारी संध्याकाळी बदललंत तर बरं, सोमवारपर्यंत जर्मनीतून कोणी मेल करत नाही.