शब्दचर्चा : हिचकॉकचा सिनेमा ‘रहस्यपट’ कसा?

उत्तररात्र

आमच्या सोसायटीच्या वाचनालयात भित्तिपत्रक लागतं. यंदाचा विषय आहे ‘घरी बसून पुन्हा पाहावेत असे जुने हॉलिवुडपट’, आणि ‘रिअर विंडो’वर (१९५४) मी लिहायचं ठरलं. पुन्हा एकदा पाहिला, लिहायला बसले आणि पहिलंच वाक्य लिहिलं, ‘आल्फ्रेड हिचकॉकचा हा गाजलेला रहस्यपट’. कच्चा खर्डा सासऱ्यांना वाचायला दिला, तर त्यांनी ‘रहस्यपट’खाली पेन्सिलीने रेघ मारली. म्हणाले, “रहस्य कसलं यात? संशयित एकच, समोरच्या घरातला. खून झाला की नाही एवढाच काय तो प्रश्न. आणि तुला तर तेही माहीत आहे. मग तू उशी कवटाळून का बसली होतीस?”

खरंच बसले होते. नायकाची मैत्रीण लिझा त्या संशयिताच्या, थॉरवॉल्डच्या, घरात शिरते तो प्रसंग. ती त्याच्या खोलीत धुंडाळाधुंडाळ करतेय आणि तो परत येतोय. आपल्याला दोघंही दिसतात, तिला तो दिसत नाही. इकडे समोरच्या खिडकीतून बघणारा नायक जेफ्रीज पाय प्लास्टरमध्ये घालून चाकाच्या खुर्चीत. ओरडावं तर आवाज त्यालाही जाणार. पुढे पोलीस येतात, ती हात पाठीमागे नेऊन बोटातली पुराव्याची अंगठी जेफ्रीजला दाखवते. थॉरवॉल्डचं लक्ष त्या बोटाकडे जातं आणि मग त्याची नजर उचलली जाते ती थेट आपल्यावर. हे सगळं मला पाठ आहे. ती सुखरूप सुटणार हेही पाठ आहे. तरी पोटात गोळा आला तो आलाच.

मला त्या पोटातल्या गोळ्याचा शब्द हवाय. ‘रहस्य’ तो नाही. ‘थरार’ म्हटलं की पाठलाग नि मारामाऱ्या डोळ्यांपुढे येतात, आणि इथे नायक खुर्चीतून उठतसुद्धा नाही. ‘भय’ही नाही. जाणकारांनी सांगावं.

मोडीवाचक

तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. ‘रहस्’ म्हणजे एकांत. एकांतात सांगायची गोष्ट ते रहस्य. म्हणजे झाकलेलं काहीतरी हवं. हिचकॉक बऱ्याचदा झाकतच नाही. ‘डायल एम फॉर मर्डर’मध्ये (१९५४) नवरा बायकोचा खून कसा करवणार हे तो प्रेक्षकाला बसवून समजावून सांगतो.

तुम्हाला हवा तो शब्द आपल्याकडे आहे आणि तो सुंदर आहे : उत्कंठा. उद् आणि कंठ. मान उंचावून, गळा ताणून बघणं. खिडकीतून मान लांब करून समोरच्या घरात बघणाऱ्या माणसाच्या सिनेमाला याहून नेमका शब्द कुठून आणणार? बिनदिक्कत ‘उत्कंठापट’ लिहा.

कॅशियर

दादा, व्युत्पत्ती सुरेख आहे, पण ‘उत्कंठा’ आता वापरून वापरून गुळगुळीत झालाय. सामना उत्कंठावर्धक, निवडणूक उत्कंठावर्धक, दहावीच्या निकालाची उत्कंठा. त्यात गोडसं कुतूहल आहे, काळजी नाही. मुलीला बघायला पाहुणे येणार म्हणूनही उत्कंठा असते. लिझा त्या घरात अडकली तेव्हा मला उत्कंठा नव्हती, धास्ती होती.

सरळ ‘सस्पेन्सपट’ लिहा की. सगळ्यांना कळतं. रिक्षावाल्यालाही कळतं, माझ्या नातवालाही कळतं.

मोडीवाचक

प्रत्येक अडचणीला इंग्रजीतून शब्द उचलायचा असेल तर शब्दचर्चा कशाला करायची? सिनेमाच्याच क्षेत्रात सावरकरांनी ‘दिग्दर्शक’, ‘बोलपट’ असे शब्द दिले. तेव्हाही लोक म्हणत असतील की डायरेक्टर सगळ्यांना कळतो.

कॅशियर

‘दिग्दर्शक’ राहिला, ‘बोलपट’ कुठाय? सगळेच सिनेमे बोलायला लागल्यावर त्याची गरजच संपली. शब्द कुणी दिला यापेक्षा तो कशासाठी लागतो हे महत्त्वाचं.

मागची_रांग

दोघांनाही थांबवतो, कारण मला ‘सस्पेन्स’बद्दलच एक मूलभूत अडचण दिसते. मराठी माणूस ‘सस्पेन्स’ कसा वापरतो ते ऐका. ‘कुठे चाललोय आपण?’ ‘सस्पेन्स आहे!’ ‘अरे, सस्पेन्स फोडलास ना!’ ‘सस्पेन्स ठेवू नकोस, सांगून टाक.’ म्हणजे मराठीत आल्यावर या शब्दाचा अर्थच ‘लपवलेली गोष्ट’ असा झाला. फोडता येतो, ठेवता येतो. इंग्रजीत तो मनाच्या अवस्थेचा शब्द होता, आपण त्याचं गुपित केलं. थोडक्यात, मराठी ‘सस्पेन्स’ म्हणजे ‘रहस्य’च. ‘सस्पेन्सपट’ लिहिलंत तर सासरे पुन्हा पेन्सिल काढतील.

हिचकॉकने स्वतः हा फरक फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत सोडवून दाखवलाय. माणसं टेबलाभोवती गप्पा मारताहेत, खाली बॉम्ब आहे आणि आपल्याला माहीत नाही. तो फुटला की पंधरा सेकंदांचा धक्का. पण बॉम्ब ठेवताना आपण पाहिलाय, भिंतीवर घड्याळ आहे, एक वाजता फुटणार हे आपल्याला ठाऊक आहे, तर त्याच रटाळ गप्पांची पंधरा मिनिटं आपण तळमळत काढतो. पहिल्यात प्रेक्षकाला कमी माहीत असतं, दुसऱ्यात पात्रापेक्षा जास्त. म्हणूनच दुसरा प्रकार पुन्हा बघताना विरत नाही. दुसऱ्या वेळी तर आपल्याला सगळेच बॉम्ब माहीत असतात.

जाता जाता : ‘रिअर विंडो’, ‘व्हर्टिगो’, ‘रोप’ वगैरे पाच हिचकॉकपट मधली कित्येक वर्षं दाखवलेच जात नव्हते, ते १९८३-८४ च्या सुमारास पुन्हा पडद्यावर आले. माझ्या वडिलांना ‘रिअर विंडो’ फक्त ऐकून माहीत होता. आता कुठल्याही रात्री घरी लावता येतो, याचं मला अजून नवल वाटतं.

पैलतीर

मागची_रांग, अगदी मनातलं बोललात. माझं उदाहरण ‘व्हर्टिगो’ (१९५८). मूळ फ्रेंच कादंबरीत नायकाने गमावलेल्या प्रेयसीसारखी, मेडलीनसारखी, दिसणारी मुलगी (सिनेमातली ज्यूडी) खरी कोण हे शेवटी उलगडतं. हिचकॉक ते आपल्याला बऱ्याच आधी सांगून मोकळा होतो, नायकाला मात्र सांगत नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हे पटलं नव्हतं, वाटलं की हाती असलेला हुकुमाचा पत्ता आधीच टाकून दिला. इथे टोरांटोत हिवाळ्यात पुन्हा पाहिला तेव्हा त्याच जागेवर गुंतून गेले. तो तिला मेडलीनसारखे कपडे घ्यायला लावतो, केस रंगवायला लावतो. ती नको नको म्हणत एकेक मान्य करत जाते. शेवटी ती केस वर बांधून हिरव्या उजेडातून चालत येते. तिच्या मनात काय चाललंय हे आपल्याला माहीत असतं म्हणूनच ते बघवत नाही.

याला ‘घालमेल’ म्हणाल का? मला ‘घालमेल’ जवळचा वाटतो.

कॅशियर

‘घालमेल’ छान आहे, पण ती आपल्या स्वतःच्या निर्णयाची असते. जाऊ की नको, बोलू की नको. समोरच्याच्या संकटाने होते ती घालमेल वेगळी.

आईचा किस्सा सांगते. तिला इंग्रजीचा गंध नाही. मी ‘नटोरियस’ (१९४६) बघत होते, ती शेजारी भाजी निवडत बसलेली. विचारत होती, मी सांगत होते : ही इंग्रिड बर्गमन, नवऱ्यावर हेरगिरी करतेय, तळघराची किल्ली त्याच्या जुडग्यातून काढलीय. मग मेजवानीचा प्रसंग. कॅमेरा वरून, सगळ्या दिवाणखान्यावरून तरंगत खाली येतो तो तिच्या मुठीतल्या किल्लीवर. इथून पुढे आईने विचारणं बंद केलं. तळघरात ती आणि तिचा सहकारी हेर कॅरी ग्रांट, आणि वर बर्फातल्या शॅम्पेनच्या बाटल्या एकेक करून संपताहेत. बाटल्या संपल्या की नवरा तळघरात उतरणार. आईला शॅम्पेन म्हणजे काय चीज हेही माहीत नव्हतं, पण कमी होताहेत हे कळलं. मेथीची जुडी तशीच हातात. म्हणाली, “अगं बाई, जीव नुसता टांगणीला लावलाय.”

उत्तररात्र, तुमच्या पोटातल्या गोळ्याला आमच्या घरात हे म्हणतात.

मागची_रांग

कॅशियर, तुमच्या आईंनी चर्चाच निकालात काढली! सस्पेन्सच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थच ‘टांगणे’. जीव टांगणीला लागणे म्हणजे तोच शब्द, आपल्या मातीत स्वतंत्रपणे उगवलेला. आणि गंमत बघा, आपल्यात टांगला जातो तो जीव, बातमी नव्हे. त्यामुळे त्याचं ‘गुपित’ होण्याचा धोकाच नाही. ‘टांगणीपट’!

मोडीवाचक

‘टांगणीपट’ कानाला फार खरखरीत लागतो. वाक्प्रचार जिवंत असतो तो वाक्यात. त्याचं डोकं कापून त्याला ‘पट’ चिकटवला की तो मरतो. ‘उत्कंठा’ला निदान समासाची सवय आहे.

पैलतीर

‘भयपट’, ‘चरित्रपट’, ‘माहितीपट’ पहिल्यांदा ऐकताना कसे वाटले असतील? कान सरावतात.

कॅशियर

तसं तर आमच्या बँकेतही सस्पेन्स खातं असायचं. कुणाची रक्कम, कशाची, याचा मेळ लागेपर्यंत ती तिथे ठेवायची. मेळ लागला की पैसे आपल्या जागी गेले. म्हणजे तिथेही टांगलेलंच. पण महिनाअखेरीला त्या खात्यात शिल्लक दिसली की आमचा जीव टांगणीला, हे वेगळं.

उत्तररात्र

‘जीव टांगणीला लावणारा’ मलाही पटतंय, पण भित्तिपत्रकाला एकच शब्द हवाय, मथळ्यात बसणारा. शिवाय यादीत दुसरी एक बाई ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’वर (१९५७) लिहिणार आहेत. त्यांना ‘रहस्यपट’ चालेल ना? तो हिचकॉकचा नाही, दिग्दर्शक बिली वाइल्डरचा.

पैलतीर

त्याला चालेल नव्हे, त्यालाच चालेल. तिथे झाकलेलं आहे आणि शेवटी उघडतं. इतकं की सिनेमा संपल्यावर निवेदक विनंती करतो, ज्यांनी पाहिला नाही त्यांना शेवट सांगू नका. मीही इथे सांगत नाही. आपल्याकडच्या रहस्यमय नाटकांनंतर होणारी विनंती आठवली की नाही? मात्र पुन्हा पाहताना त्यात पोटात गोळा येत नाही हे खरं. वेगळाच आनंद मिळतो. मार्लीन डिट्रिश साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहते तेव्हा तिच्या प्रत्येक नजरेचे दोन अर्थ दिसायला लागतात. पहिल्या वेळी एकच दिसला होता. ही कारागिरी न्याहाळायला मी तो वारंवार लावते.

मागची_रांग

म्हणजे कसोटी मिळाली. पुन्हा पाहताना जे उरत नाही ते रहस्य, जे उरतं ते टांगणी.

फक्त एक अट. घरी बघताना मध्ये थांबवू नये. आम्ही फिल्म सोसायटीत बघायचो तेव्हा रीळ बदलण्यापुरताही अंधार मोडला की लोक चुळबुळायचे. घरी कुकरची शिट्टी झाली की बटण दाबतात, फोन आला की दाबतात. बाटल्या संपत आल्यात आणि तुम्ही चहा टाकायला उठलात, तर हिचकॉकने त्या बाटल्या मोजल्या कशाला? वेळ हाच त्याचा माल आहे. तो तुमच्या हातात गेला की टांगणीची दोरी सैल पडली.

कॅशियर

बायकांनी कुकर बंद करायला उठायचं नाही तर कुणी उठायचं, हेही सांगा मग.

मागची_रांग

मी उठतो. आमच्याकडे सिनेमा लावायच्या आधी कुकर उतरवायचा असा नियम आहे आणि तो मीच उतरवतो.

मोडीवाचक

मी अजूनही ‘उत्कंठापट’वर ठाम आहे. गुळगुळीत झालेला शब्द चांगल्या जागी वापरून पुन्हा धारदार करता येतो. वर्तमानपत्रांनी ‘उत्कंठा शिगेला पोहोचली’ लिहून लिहून त्याची रया घालवली, म्हणून शब्दच टाकून द्यायचा का? शिगेला म्हणजे शिखराला पोहोचण्याची ताकद त्यात आहेच.

खळं

चर्चा वाचत होतो, सिनेमातलं मला फार कळत नाही. पण शीग म्हणजे शिखर नव्हे. धान्य मापताना मापाच्या काठाच्या वर जो निमुळता ढीग राहतो ती शीग. काठावरून हात फिरवला की सपाट माप, नाही फिरवला की शिगेचं माप. ‘शिगोशीग भरलं’ म्हणतात ते यामुळे. उत्कंठा शिगेला पोहोचली म्हणजे आता एक दाणा टाकला तरी घरंगळणार.

पैलतीर

अरे वा! ‘एक दाणा टाकला तरी घरंगळणार’ हे तर ‘नटोरियस’च्या शेवटच्या जिन्याचं वर्णन झालं. कॅरी ग्रांट तिला आधार देत एकेक पायरी उतरतोय, नवरा बाजूला, आणि खाली त्याचे साथीदार टक लावून बघताहेत. कुणी एक शब्द चुकीचा बोलला की संपलं.

मोडीवाचक

ढिगाचं टोक म्हणजे शिखरच झालं की. आमच्या शाळेत गुरुजींनी शीग ही ‘शृंग’वरून सांगितली होती.

कॅशियर

आणि मला कुणीतरी ‘शिखा’वरून सांगितलं होतं.

खळं

कशावरूनही असो, आमच्या आजोबांच्या हातची शीग मी पाहिलीय. सावकाराला देताना माप सपाट की शिगेचं यावर भांडणं व्हायची. ‘शिखर’ म्हटलं की ते भांडण त्या शब्दातून निघून जातं.

उत्तररात्र

शीग फार आवडली, पण उद्या खर्डा द्यायचाय. ‘टांगणीपट’ला दोन मतं, ‘उत्कंठापट’ला एक, ‘सस्पेन्स’ बाद झाला असं समजू?

कॅशियर

बाद कुणी केला? मी नाही केला. मथळ्यात सस्पेन्स लिहा आणि मजकुरात आईचं वाक्य घाला.

मोडीवाचक

खळं, तुमच्याकडे पहिलं माप टाकताना ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात ना?

खळं

हो, लाभ, मग दोन, तीन. पण आजोबा देणं फेडताना ‘लाभ’ म्हणायचे नाहीत, थेट ‘एक’ म्हणायचे. हे दुसऱ्या कुणाच्या गावात आहे का?