मदत हवी आहे : मज्जासंस्थेपर्यंत गेलेला लाइम आजार

नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. धाकटा भाऊ अमेरिकेत कनेक्टिकटला नोकरीला होता, तिथे गोचीड चावून लाइम हा जिवाणूंमुळे होणारा आजार झाला. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक 21 दिवस शिरेतून दिलं, तोंड सरळ झालं. पण अजून शर्टाची बटणं लावताना बोटं बधिर होतात, बोलता बोलता ‘चमचा’सारखा साधा शब्द आठवत नाही. फार जीव तुटतो बघताना.

2021मध्ये हायग्रोमायसिन ए आणि 2025मध्ये पिपरासिलिन या अँटिबायोटिक्सनी उंदरांमधला लाइम बरा झाल्याचं वाचलं. माणसांवर चाचण्या कुठे सुरू आहेत का? हा आजार हाताळलेले न्यूरॉलॉजिस्ट ठाणे-मुंबईत कोणाला माहीत आहेत? नुसतं अँटिबायोटिक लांबवत राहणं मला पटत नाही, त्याचा टिकाऊ फायदा चाचण्यांत दिसलेला नाही. रिपोर्ट सगळे तयार आहेत, लगेच पाठवते.